1341 सालचा अहवाल

पुतणी परभणीला इतिहासात एम.ए. करते. परवा रात्री तिचा फोन. "काका, दोन दिवस झाले, अख्खी लायब्ररी पालथी घातली. हा लेख काही सापडंना."

कशाच्या नावानं शोधलंस? तर लेखाच्या! तिथंच घोळ होता. तिनं पाठवलेल्या संदर्भात लेखाचं नाव अवतरणात, मग नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, पुढं खंड, अंक आणि पृ. 41-52. कपाटात लेख बसत नाही, अंक बसतो. तेव्हा नियतकालिकाचं नाव सांगून बांधणी केलेला खंड मागवायचा. गाव आणि प्रकाशक दिसले की पुस्तक समजावं. 'संपा.', म्हणजे संपादक, दिसलं की लेख एकाचा अन् पुस्तक दुसऱ्याचं, मग त्या दुसऱ्याच्या नावानं शोधायचं. लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव कितीही ठळक असलं तरी जायचं कुठं ते खाली बारीक अक्षरात असतं, तसंच हे. (उमेदवारीच्या दिवसांत मीही असाच एका लेखासाठी आठवडा घालवला होता. ते तिला सांगितलं नाही.)

दुसऱ्या संदर्भानं मात्र माझीच दांडी उडवली. लेखकाच्या जागी माणूसच नाही, 'निजाम सरकार'. तेवढं कळलं, सरकारी अहवालाला खातंच लेखक. पण साल 1341 आणि पुढं नुसतं 'एफ'. 1341 मध्ये दौलताबादेवर तुघलकाचा अंमल, तेव्हा कुठला छापखाना अन् कुठला अहवाल! मी छपाईची चूक म्हणून मोकळा होत होतो.

आबा बाजेवर पडून ऐकत होते. उभा जन्म बांधाच्या भांडणात, जुन्या कागदांत गेलेला. म्हणाले, "फसली हाय ते. पाचशे नव्वद मिळव."

मिळवले. 1931. फसल म्हणजे पीक. वसुलीसाठी हंगामावर बांधलेलं साल. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरात लागायचं, म्हणून अहवाल 1931-32 चा. शके असतं तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. संशोधन पद्धतीच्या माझ्या जाडजूड पुस्तकात यातलं अक्षर नाही.

पुतणीला फोनवर सांगितलं तर ती खूश. एवढ्यात आबांनी फोन मागून घेतला.

"पोरी, सापडला तं त्यात आपल्या तालुक्याचा शेतसारा किती धरलाय, तेवढं बघ. अन् पान नंबर लिहून ठेव."