भिंत जाड, तरी शब्द न् शब्द ऐकू येतो

एका नव्या घरात टीव्हीची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत आवाज अडवायला म्हणून मुद्दाम पैसे घालून केलेली. तरी पलंगावर पडल्या पडल्या मालिकेतले संवाद स्पष्ट ऐकू यायचे. कागदावर भिंतीत खोट नव्हती. ७० मिमीचे जीआय स्टड (जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचे उभे खांब), दोन्ही बाजूंना १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर, पहिल्या थराचे सांधे दुसऱ्याने झाकलेले, पोकळीत ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी.

मी पोहोचलो तोवर घरमालकांचा उपाय ठरलेला होता. "साहेब, या बाजूने फोमच्या टाइल्स चिकटवून टाकू." त्यांना थांबवलं. फोममुळे त्या खोलीतला घुमारा कमी होतो, पण पलीकडून येणारा आवाज त्याला जुमानत नाही, कारण त्याला वजनच नसतं. थर्माकोलचंही तेच. आणि भिंत जर कुठे फटलेली असेल, तर वजन वाढवूनही हाती काही लागत नाही.

टीव्हीच्या खोलीत स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा एकसारखा खळखळाट, मोजणीसाठी वापरतात तो) लावला आणि दोन्हीकडे मोजलं. फरक फक्त २९ डेसिबल. एवढ्या फरकात साधं बोलणं सहज कळतं.

मग दोन्हीकडची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढली, झोपायच्या खोलीत अंधार केला आणि पलीकडे जमिनीलगत टॉर्च धरला. फरशीवर पिवळी रेघ उमटली, कुठे नखाएवढी, कुठे केसासारखी. बोर्ड जमिनीपासून १० मिमी वर ठेवलेले होते. ते बरोबरच आहे, नाहीतर लादी पुसताना पाणी वर चढतं. पण खालचा चॅनल, म्हणजे स्टड ज्यात उभे राहतात ती पत्र्याची आडवी पट्टी, ओबडधोबड फरशीवर तसाच ठोकलेला, खाली ना फट बुजवणारा सीलंट ना फोमची पट्टी. सरासरी अडीच मिमी फट धरली तर ४ मीटर लांबीत १०० चौरस सेंमी भोक झालं. १२ चौरस मीटरच्या भिंतीत हे ०.१ टक्क्याहूनही कमी, पण हिशेबाने तेवढं भोक अख्ख्या भिंतीला ३१ डेसिबलच्या आसपास अडकवून ठेवतं. वर आणखी दोन थर मारले असते तरी आकडा हलला नसता.

चॅनलच्या दोन्ही कडांना आणि बोर्डाखालच्या सांध्यात अकूस्टिक सीलंट भरला. इथे साधी पुटी चालत नाही; ती सुकून तडकते आणि फट परत उघडते. सीलंट रबरासारखा मऊ राहतो. पुन्हा मोजलं, ३४.

दुसरी चूक स्विचबोर्डाची. दोन्ही खोल्यांचे मेटल बॉक्स एकाच पोकळीत पाठीला पाठ लावून बसवलेले, मधलं रॉकवूल इलेक्ट्रिशियनने उपटून टाकलेलं. एक बॉक्स स्टडच्या पलीकडच्या पोकळीत हलवला, जुन्या भोकात बोर्डाचे दोन्ही थर सांधे चुकवून बसवले, उरलेल्या बॉक्सला मागून अकूस्टिक पुटीचा (ही न सुकणारी, मऊच राहणारी) पॅड गुंडाळला, रॉकवूल परत भरलं. ३७.

खरी चोरी छतात होती. भिंत फॉल्स सीलिंगपाशी संपलेली, वर स्लॅबपर्यंत ३० सेंमी पोकळी मोकळी. आवाज एका छताच्या पातळ बोर्डातून वर चढायचा आणि दुसऱ्यातून खाली उतरायचा. फॉल्स सीलिंग करणारा आधी येतो आणि भिंतवाला नंतर, तेव्हा हे हमखास होतं. क्रम उलटा हवा. भिंतीलगतची सीलिंगची पट्टी कापली, स्लॅबला चॅनल मारला, खालच्यासारखेच दुहेरी बोर्ड आणि रॉकवूल वरपर्यंत नेले, कन्ड्युटच्या (वायरींच्या नळ्यांच्या) भोकांभोवती सीलंट भरला. तीन कामांत हेच सगळ्यात महागडं, घाण करणारं आणि वेळ खाणारं. आकडा ४६ वर गेला. पलीकडे टीव्ही चालू आहे एवढं कान देऊन कळत होतं, शब्द लागत नव्हते.

राहिली सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, धडधड. ही भिंत म्हणजे दोन वजनं आणि मध्ये हवेची स्प्रिंग. या जाडीला ती ५० ते ७० हर्ट्झच्या आसपास स्वतःच डोलू लागते, आणि तिथे सीलंट काही करू शकत नाही. त्यासाठी रुंद पोकळी आणि वेगवेगळ्या चॅनलवर उभे केलेले स्टडचे दोन सांगाडे लागतात, म्हणजे भिंत नव्यानेच बांधायची. मालकांना तेवढं नको होतं. सबवूफर भिंतीपासून काढून जाड रबरी पॅडवर ठेवला आणि त्याचा आवाज थोडा कमी केला.