माल्डी इमेजिंग : लेसरआधी पाण्याकडे बघा

माल्डी इमेजिंगमध्ये ऊतीच्या कापावर मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषणारं रसायन) चढवून लेसर मारतात आणि सुटलेल्या आयनांच्या वस्तुमानावरून कुठला रेणू कुठे आहे याचं चित्र काढतात. ते चित्र पुसट आलं की पहिला संशय लेसरवर जातो. बहुतेक वेळा खोट पाण्यात असते, आणि ते मशीनच्या कितीतरी आधी शिरलेलं असतं.

उंदराचा मेंदू घ्या. लिपिडं (चरबीसारखे रेणू) बघायची तर ताजा गोठवलेलाच. पॅराफिनच्या ठोकळ्यातून ती आधीच धुऊन गेलेली असतात. क्रायोस्टॅटमध्ये (गोठवलेल्या ऊतीचे काप पाडायचं यंत्र) तो ओसीटीत, म्हणजे काप पाडताना आधाराला वापरतात त्या जेलमध्ये, बुडवू नका. त्यातलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल स्पेक्ट्रममध्ये (आयनांच्या वस्तुमानांचा आलेख) 44-44 च्या अंतरावर शिखरं उभी करतं आणि ऊतीचे आयन दाबून टाकतं. बुडाशी पाण्याचे दोन थेंब गोठवले तरी मेंदू क्रायोस्टॅटच्या चकतीला धरून राहतो. काप 10 ते 12 मायक्रॉनचा, आयटीओ स्लाइडवर (एका बाजूला वीजवाहक थर असलेली काच). वीजवाहक बाजू कोणती ते आधी मल्टिमीटरने बघा. उलट्या बाजूला चिकटवला तर काप गेलाच. उणे 80 मधली स्लाइड उघडी टेबलावर ठेवली की तिच्यावर दव धरतं आणि छोटे रेणू त्या दवात जागा सोडतात. म्हणून बंद डबीतच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग अर्धा तास निर्वात डेसिकेटर (ओल काढून घेणारं बंद भांडं).

पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) लिपिडांसाठी डीएचबी मॅट्रिक्स चालतं. फवारा ओला पडला तर रेणू पसरतात, फार कोरडा पडला तर ते ऊतीतून बाहेरच येत नाहीत. पातळ थर, अनेक फेऱ्या, मध्ये सुकायला वेळ. 10 मायक्रॉनच्या पिक्सेलचा हट्टच असेल तर सब्लिमेशन (मॅट्रिक्सची थेट वाफ करून ती कापावर बसवणं) करा: स्फटिक बारीक येतात, सिग्नल मात्र कमी. शिवाय 50 वरून 10 मायक्रॉनवर गेलात की स्पेक्ट्रम 25 पट होतात. हार्ड डिस्क आधी मोकळी करा.

पेशींच्या कल्चरला मात्र धुण्यावाचून गत्यंतर नाही, कारण माध्यमात मीठ असतं. पीबीएसवर (पेशी धुवायचं खारट द्रावण) थांबलात तर सुकल्यावर स्फटिकच उरतील. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. शेवटचं धुणं 150 मिलिमोलर अमोनियम ॲसिटेटचं, काही सेकंदांचंच. ते निर्वातात उडून जातं.

मीठ सिग्नल खातं ते खातंच, रेणूची ओळखही चुकवतं. पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन, पेशीपटलातलं एक लिपिड. पीसी 34:1 चा सोडियमवाला आयन 782.567 ला येतो, पीसी 36:4 चा प्रोटॉनवाला 782.569 ला. साध्या टॉफवर (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणारं मशीन) हे एकच शिखर. वेगळी करायला तीन लाखांच्या वरचं रिझोल्यूशन लागतं. तेवढं मशीन नसेल तर शेजारचा काप थंड 50 मिलिमोलर अमोनियम फॉर्मेटने धुऊन बघा. 782.57 पडलं आणि 760.585 (पीसी 34:1 चा प्रोटॉनवाला आयन) चढलं, तर तिथे बराचसा सोडियमच होता.