मावशीचं घर, सातव्या ओळीत

औसा मागं पडलं की एसटीचा वेग उतरतो. ड्रायव्हरचा दोष नाही, रस्ताच तसा आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधूनमधून तुरीची ओळ, सप्टेंबर संपत आल्यामुळे पानं पिवळी पडू लागलेली. माझ्या मांडीवर लातूरच्या गंजगोलाईतून घेतलेल्या दोन लालभडक प्लास्टिकच्या ताटल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी लामजन्यापर्यंत त्यांच्याकडं पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "लेकराला का?"

"मावशीला."

ते पुढं काही बोलले नाहीत. मीही समजावत बसलो नाही.

मी संभाजीनगरात घरांच्या आतली कामं करतो. फर्निचर, फरशी, रंग, पीओपी. बावीस वर्षं झाली. मावशी किल्लारीजवळच्या एका गावात राहते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. गेली चार वर्षं तिला स्मृतिभ्रंश आहे. "साठी बुद्धी नाठी" म्हणत दीड वर्ष आम्ही तो अंगावर काढला. नीट तपासणी झाली ती नंतर. त्या म्हणीनं आपल्याकडं किती म्हाताऱ्यांचं नुकसान केलं असेल कोण जाणे. हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1906 मध्ये एका बाईची केस मांडली, तेव्हापासून त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, अल्झायमर, वैद्यकाला माहीत आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातल्या साठीपुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला होता. त्यांतली बहुतेक आपापल्या घरीच असणार. म्हणून घराकडं नीट पाहायला हवं, आणि घर हा तर माझा धंदा.

त्याच धंद्याच्या जोरावर मी मावशीच्या घरात घोळ घालून ठेवला होता. तो सांगण्याआधी गाव सांगतो.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. इथली घरं म्हणजे मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर लाकडाच्या लादणीवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन त्या रात्री अंगावर आलं. पुढं 52 गावं जुनी जागा सोडून नव्यानं वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, काटकोनात वळणारे, आणि रांगेनं एकाच नमुन्याची घरं. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे लहान-मोठी, पण एका रांगेतली सगळी जुळी भावंडं. झपाट्यानं आणि मजबूत घरं उभी करायची होती, त्यामुळे नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण बसमधून उतरून मी स्वतः दोनदा चुकलो. शेवटी दादाला, म्हणजे मावशीच्या मुलाला, फोन केला.

"सातवी ओळ. पिंपरणीपासून डावीकडं," दादा म्हणाला. "तूच चुकायलास तर म्हातारीचं काय?"

दारात वहिनी उभ्या होत्या, आत बाजेवर मावशी. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "आले का मिस्त्री?" सगळे हसले. मी नाही हसलो. तिनं बरोबर ओळखलं होतं.

तर घोळ. तीन वर्षांपूर्वी दादानं घर नवं करायला काढलं आणि फोनवर माझा सल्ला घेतला. आत शहाबादी होती. करडी, खरबरीत, चाळीस पायांनी झिजलेली. मी म्हणालो, काढून टाक, पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड घाल, घर उजळेल. खोल्यांच्या उंबऱ्यांना काळा कडप्पा, उठाव येतो. अंगणातल्या संडासाला वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स, भांडंही पांढरं. दार आपोआप मिटणारं. मी खूश, दादा खूश, शेजारपाजारही बघून गेले.

पहिल्या दिवशी दुपारी मी नुसता बसून मावशीचं चालणं पाहिलं. बाजेवरून उठली, खिडकीचा उजेड फरशीवर पडला होता तिथं आली आणि थांबली. लुगडं दोन बोटांनी वर धरलं, पाय जपून टाकला, ओढा ओलांडावा तशी पलीकडं गेली. तिच्या डोळ्यांना ते पाणी होतं. मग कडप्प्याची पट्टी आली. तिथं चौकटीला दोन्ही हातांनी धरून तिनं आधी खाली वाकून पाहिलं. काळी पट्टी म्हणजे भेग. भेगेला भिणं हे इतर कुठल्याही गावात आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं जाईल, इथं त्याच्या जोडीला आणखी काही असेल.

"हट्टी झाल्यात," वहिनी म्हणाल्या, "बाथरूमपुढच्या पायपुसण्यावर पाय म्हणून ठेवत नाहीत." पायपुसणं गर्द काळं होतं.

इथं येण्याआधी जे वाचलं ते तीन वर्षांपूर्वीच वाचायला हवं होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोचतो. त्यात हा आजार खोली आणि कडा ओळखण्याची ताकद कमी करतो. म्हणून सलग एका रंगाची, न चमकणारी जमीन बरी, आणि जी वस्तू दिसायला हवी तिचा रंग मात्र मागच्या रंगापासून चांगला सुटा हवा. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात अशा घररचनेवर बरीच वर्षं काम चाललं आहे. आमच्या जुन्या शहाबादीनं यातलं निम्मं फुकटात साधलं होतं, आणि ती मी उचकटून गोठ्यात टाकायला लावली.

ताटल्यांचंही तेच. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल ताटलीत वाढून पाहिलं, 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. खाणं सुमारे पाव हिश्शानं वाढलं. रुग्ण मोजके होते, त्यामुळे त्याला वेद मानायचं कारण नाही. पण मावशीसमोर रोज काय येतं? स्टीलच्या झगमगत्या पितळीत पांढरी ज्वारीची भाकरी, वर दूध. दिसणार काय? रात्री लाल ताटलीत तेच वाढलं. तिनं भाकरी संपवली आणि ताटली उचलून वहिनींना म्हणाली, "धुऊन ठेव, पोरांची हाय." सलग तीन दिवस ती जेवली, चौथ्या दिवशी नाही.

संडासाचं काम सर्वांत स्वस्तात झालं. आपोआप मिटणाऱ्या दाराची स्प्रिंग काढली आणि दार उघडं राहील असं केलं. बाजेवरून भांडं दिसलं पाहिजे, एवढाच हेतू. दाराभोवती गेरूचा हातभर रुंद पट्टा ओढला, आत भांड्यामागची भिंत निळी केली. रात्रीसाठी बाज ते संडास या वाटेवर लहान दिवे, सगळे खाली, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे लांब सावल्या पडत नाहीत. "परसाकडं कुठं जायचं?" हा प्रश्न थांबला नाही, पण आता तो विचारता विचारता ती स्वतःच तिकडं वळते. लोखंडी कपाटाच्या आरशावर वहिनींनी आधीच जुनी साडी टाकली होती. मला कुणी सांगायच्या आधी, कुठं काही न वाचता. मावशी आरशातल्या बाईला "बसा, च्या घ्या" म्हणायची आणि ती बसत नाही म्हणून चिडायची.

संध्याकाळचं काय करायचं ते मात्र रंगाच्या डब्यात नव्हतं.

दिवस कलला की मावशी बदलते. बोचकं बांधते. दोन लुगडी, कुंकवाचा करंडा, टॉर्च नसलेली टॉर्चची पिशवी. "चला, घराकडं जायचंय. लेकरं वाट बघायलीत." पूर्वी दादा सांगायचा, माय, हेच घर हाय, ते घर पडलं. मग ती विचारायची, थोरला कुठाय? थोरला त्या रात्री गेला. आणि तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. एका संध्याकाळी दोनदा. दादानं सांगणं बंद केलं. मग त्यानं फाटकाला कुलूप लावलं, ती फाटक हलवत उभी राहायची आणि रस्त्यावरचं जाणारं-येणारं बघायचं.

जर्मनीत काही वृद्धनिवासांच्या दारात खोटे बसथांबे बांधले आहेत. बाक, फलक, सगळं, फक्त बस येत नाही. घरी जायला निघालेला माणूस तिथं बसतो, जरा वेळानं निवतो, मग कुणीतरी हात धरून आत नेतो. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या वेस्प गावात 2009 पासून होगेवेक नावाची वस्तीच आहे. सुरुवातीला 23 घरं, दुकान, कॅफे, नाट्यगृह, चौक, सगळे रहिवासी स्मृतिभ्रंशाचे, दुकानदारापासून सगळे सेवक. आत मोकळं फिरा, बाहेर जायचं दार एकच आणि राखलेलं. तिथली घरंसुद्धा एकाच साच्याची नाहीत, माणूस जसं जगत आला तशा राहणीची आहेत. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे त्यांनी पैसे घालून गाव बनवलं. आपल्यापाशी गाव हाय." मग थांबून, "घरंच सारखी हायत."

अर्धं खरं. पिंपरणीपाशी किराणावाला मावशीला बसवून घेतो, हातात गुळाचा खडा देतो आणि फोन करतो. पण त्याच पारावरची पोरं "येडी आली" असंही ओरडतात. गावाचे एवढे गोडवे गाण्यात अर्थ नाही. चोवीस तासांतले वीस तास एकट्या वहिनींच्या अंगावर असतात, आणि गुळाचा खडा रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही.

कुलूप वहिनींनीच काढलं. आता मावशीनं बोचकं उचललं की त्या पायात चपला सरकवतात, "चला आत्या, जाऊ." मारुतीपर्यंत जायचं, पायरीवर टेकायचं, परत यायचं. अडचण परतीला. सात ओळी, सगळी दारं तीच. मावशी पाचव्या ओळीतल्या कुणाच्याही घरात शिरायची, आणि आपल्या दारापुढून सरळ निघून जायची.

गोठ्यात शहाबादीच्या मागं एक लाकूड टेकवलेलं होतं. चौकटीची वरची पाटी, सागवानी, मधे कोरलेला गणपती, एका टोकाला तडा. जुन्या घराच्या ढाळजेची, म्हणजे पुढच्या दारालगतच्या बैठकीची. 93 च्या ढिगाऱ्यातून काकांनी ओढून काढली होती. तीस वर्षं तिच्यावर कोंबड्या बसल्या. आम्ही ती घासली, तेल पाजलं, पुढच्या दाराच्या बाजूला, हात लागेल इतक्या उंचीवर ठोकली, खाली जातं ठेवलं. पुरती वर लावायचा मोह झाला होता, शोभलीही असती. पण मावशी वाकून चालते, वरचं तिला दिसत नाही.

पहिल्या संध्याकाळी ती बाजूनं निघून गेली. मी हिरमुसलो. दुसऱ्या दिवशी परतताना तिचा हात सहज भिंतीवरून घासत आला आणि गणपतीवर थांबला. तिनं सोंडेवरून बोट फिरवलं, जिथं तडा आहे तिथं अडकलं. "हे कुणी फोडलं?" म्हणाली, आणि आत आली. पुढच्या दोन दिवसांत एकदा आली, एकदा चुकली.

निघायच्या आदल्या दुपारी दादा म्हणाला, जुन्या गावठाणाकडं नेऊन आणू का एकदा? मला धाक वाटला, वहिनींना नको होतं. तरी गेलो. जिपड्यातून वीस मिनिटं. बाभळी माजलेल्या, मधे जोत्यांचे दगड, एक आड, शेळ्या. मावशी गाडीतून उतरली, पदर सावरला, सगळीकडं बघितलं.

"कुणाचं रान हाय हे?"

"आपलंच," दादा म्हणाला.

"पेरलं न्हाई मग?"

दादा काही बोलला नाही. तिनं बाभळीच्या चार शेंगा वेचल्या, शेळ्यांसाठी म्हणून, आणि त्या बोचक्यात घातल्या. परत घरी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. वहिनींनी चहा टाकला. चहा होईपर्यंत उन्हं सातव्या ओळीच्या मागं गेली आणि मावशीनं माझ्याकडं वळून विचारलं, "मिस्त्री, तुमचं काम झालं का? मला घराकडं सोडता?"

वहिनींनी गॅस बारीक केला आणि चपला शोधू लागल्या.