पोटखराबा

३ मे २०२५

सकाळी चहा झाल्या झाल्या सातबारा पुढ्यात घेऊन बसले. एकूण क्षेत्र २ हेक्टर ३० आर. लागवडयोग्य १ हेक्टर ४८ आर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, ८२ आर.

या ८२ आरात काय काय येतं, ते कागदावर कळत नाही. सड्याची, म्हणजे उघड्या खडकाळ सपाटीची कातळ पट्टी, ओढ्याचे दोन्ही काठ आणि मधली करवंदी-अंजनीची जाळी, जिला आम्ही लहानपणापासून राई म्हणतो. अण्णांनी तिथे कधी कोयता लावला नाही. आता दादाचं म्हणणं आहे की जेसीबी लावून राई सपाट करावी, दगड बांधाला घालावेत आणि तिथे स्ट्रॉबेरी घ्यावी. हल्ली लागवडीखाली आणलेला पोटखराबा लागवडयोग्य म्हणून लावून घेता येतो, म्हणजे कागदही सुधारेल. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. घर तो चालवतो, मी मे महिन्यात येते आणि जूनमध्ये जाते.

त्याला एवढंच म्हटलं, "दादा, महिनाभर थांब. तिथं काय राहतं ते मी लिहून काढते. मग ठरव."

गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आमच्या वाडीच्या नावापुढे तीन शब्द आहेत: मोर, ससा, रानडुक्कर. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला ही वही करायला सांगितली आहे. त्या वहीत इथल्या माणसांना ठाऊक असलेलं सगळं यायला हवं होतं. माझी वही निदान आमच्या शेतापुरती पुरी व्हावी.

पद्धत साधी ठेवली आहे. ताली, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, आणि पोटखराबा, दोन्हीकडे सारखा वेळ. पहाटे दीड तास, संध्याकाळी दीड तास, आज इकडे तर उद्या तिकडे. जे दिसेल, ऐकू येईल किंवा खूण ठेवून गेलं असेल, ते लिहायचं. सोबतीला भाचा आहे, वय वर्षे अकरा, नजर माझ्याहून तेज.

५ मे

सडा. नऊ वाजता कातळावर पाय ठेववत नव्हता.

ऊन चढलं की सरड्यांचे नर एकेक दगड धरून बसतात. उंचवट्यावर चढायचं, मान ताठ करायची आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडायची. निळा, काळा, नारिंगी, तिन्ही रंग एकदम. एरवी तोच सरडा मातीच्या रंगाचा, पायाखाली आला तरी कळू नये असा. विणीच्या या दिवसांतच तो असा पेटतो. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौदा नर मोजले.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा पंखागळ्याच्या सरड्यांसाठी एक नवी प्रजाती मांडली आणि तिचं नाव ठेवलं ‘सराडा’, आपल्या मराठी सरड्यावरून. तिच्यातली ‘सराडा सुपर्बा’ ही जात चाळकेवाडीच्या पठारावरची, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यातली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, म्हणजे आपला शब्द जगात सगळीकडं लिहितात?" लिहितात. हे त्याला कळलं, एवढ्यासाठीसुद्धा आजचं ऊन सोसलं असतं.

त्याच चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी, म्हणून सरडे जास्त. आणि ते सरडे माणसाला कमी बुजणारे, रंगानं फिके. वरची घार गेली की खालच्या सरड्याचा रंग बदलतो. आमच्या सड्यावरून पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात. इथे मात्र घार, शिक्रा, सर्पगरुड अजून घिरट्या घालतात, आणि आमचे सरडे वीस पावलांवरूनच सूर मारतात.

परतताना टिटवीनं डोकं खाल्लं. अंडी जवळच असणार. सापडली तीही भाच्याला, खडीत चार, खडीसारखीच. अण्णांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "उंचावर हाईत का खोलगटात?"

"अगदी माथ्यावर."

"मग औंदा पाऊस दांडगा."

८ मे

दुपारी वळीव. अर्धा तास गारांसकट. सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचलं.

ओढ्याकाठच्या दगडांवर उदमांजराची विष्ठा मिळाली, नुसत्या करवंदांच्या बिया. काडीनं मोजल्या, एकशे सतरा. अशीच नवी जाळी उठते.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

आजच्या रात्री वनखातं जंगलांतल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतं. कारण उघड आहे. वैशाखात बाकीचं पाणी आटलेलं असतं, जनावराला उरलेल्या पाण्यावर यावंच लागतं, आणि पूर्ण चंद्राच्या उजेडात ते दिव्याशिवाय दिसतं. आमच्या ओढ्यात एक कुंड आहे, झऱ्याचं, न आटणारं. त्याच्या वरच्या आंब्यावर दादानं मला आणि भाच्याला माळा बांधून दिला. फळ्या स्वतः वाहून आणल्या त्यानं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

सहा चाळीसला रानकोंबडी, मागे मादी. सव्वासातला रातव्याची चक्-चक्-चक् सुरू झाली ती थांबेना. चंद्र वर आला आणि लगेच ढगाआड गेला. नऊच्या सुमारास काट्यांची सळसळ ऐकू आली, साळिंदर. ते आलं तसं पाण्याला तोंड न लावता गेलं. अकरा वाजता वरच्या अंगाला भेकर भुंकलं. कुत्र्यासारखंच, पण प्रत्येक भुंकण्यात श्वास अडकल्यासारखं. दहा मिनिटं एकाच जागेवरून. बिबट्या फिरत असला की ते असं ओरडतं. भाच्यानं माझा हात धरला. मीही त्याचा धरला. पुढे काहीच नाही. दोन वीसला एक उदमांजर फांदीवरून आमच्याकडे बघून गेलं.

पहाटेपर्यंत पाण्यावर नक्की आलेले प्राणी किती? एकही नाही.

१३ मे

रात्रभर याचाच विचार करत होते, उत्तर सकाळी सड्यावर मिळालं. आठ तारखेच्या वळवाचं पाणी खळग्यांत तसंच होतं, आणि काठच्या चिखलात सगळे होते. भेकराचे नाजूक खूर. सशाच्या उड्या. साळिंदराची फताडी पावलं. गव्याचा एकच खूर, माझ्या पंजाएवढा, चिखलात चार बोटं रुतलेला. आणि वाटेच्या कडेला बिबट्याचा ठसा, नखं न उमटलेला, कडा अजून न ढासळलेल्या. मी रात्रभर कुंडावर वाट बघत बसले आणि ते सगळे शंभर हात वर पाणी पिऊन गेले.

अवकाळीच्या वर्षात पाणवठ्यावर बसून मोजलं की आकडा खोटा पडतो. कुणी आले नाहीत म्हणजे कुणी नाहीत असं नव्हे. हे आधी सुचायला हवं होतं. आजपासून बसणं बंद. ओढ्याच्या वाटेवर चाळलेली माती अंथरली आहे, रोज सकाळी ठसे वाचायचे आणि माती पुन्हा सारखी करायची.

१६ मे

काजवे. राईच्या कडेच्या ऐनावर आणि हिरड्यावर. आधी दोन-चार, मग आठ वाजेपर्यंत अख्खं झाड एका लयीत लुकलुकायला लागलं. बांधावरच्या ज्या ऐनांच्या फांद्या आम्ही फेब्रुवारीत राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायला तोडल्या, त्यांवर एकही नाही. काजव्याची अळी ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. पाला फक्त राईत आहे. बाकी सगळीकडचा आम्ही गोळा करून जाळतो, आणि उरलेला मार्चमधला वणवा नेतो.

आईला अंगणातून खाली बोलावलं. गुडघे दुखतात तरी आली. धोंडीवर बसून बघत राहिली. म्हणाली, "मी या घरात आले त्या वर्षी हितनं पार वड्यापतूर असंच हुतं."

हेही वहीत लिहिलं, तारीख घालून. ही नोंद माझ्या बाकीच्या नोंदींइतकीच खरी आहे.

२० मे

चार दिवस पाऊस येऊन-जाऊन. मातीचा पट्टा दोनदा वाहून गेला.

पहाटे साडेपाचला राईतून दोन सुरांची शीळ आली, आणि मी पायात चप्पल न घालता धावले. नवरंग! दरवर्षी पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो आणि इथे वीण करतो. जमिनीवर पाचोळा उलटत फिरणारा, बुटक्या शेपटीचा, पोटाखाली लालभडक. तो पाचोळ्यातच जेवतो, म्हणजे पुन्हा तीच राई. ओढ्याकडून त्याच वेळी कस्तूराची शीळ चालू होती, वाट चुकलेल्या पोरानं वाजवावी तशी, सुरुवात नाही की शेवट नाही. खालच्या तालीवर पावशा. दाढीची, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्याची मशागत राहिली म्हणून अण्णा अस्वस्थ, त्यात तो सारखा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणतोय.

२६ मे

मोजणी संपवावी लागली. मान्सून आज राज्यात बराच आत आला, मुंबईतसुद्धा. मृग लागायला अजून बारा-तेरा दिवस आहेत आणि मृगाचा किडा बांधावर फिरतोय, लाल मखमलीचा.

आकडे मांडले. एकूण ११२ प्रकारचे जीव ओळखता आले; पक्षी, सस्तन प्राणी, साप-सरडे, बेडूक आणि जी फुलपाखरं खात्रीनं ओळखली ती. त्यांतले फक्त तालींत दिसलेले ९. दोन्हीकडे दिसलेले ३६. फक्त पोटखराब्यात ६७. पोटखराब्याची जमीन तालींच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण फक्त तिथलेच जीव सातपट.

दादाला हे सांगताना मी दुसरी बाजूही सांगितली. मे महिन्यात ताली उघड्या असतात. भात लागलं की तिथे बगळे, बेडूक, चतुर येतील आणि हे आकडे बदलतील. एका उन्हाळ्याची मोजणी म्हणजे एकाच उन्हाळ्याची मोजणी. पण काजवे, नवरंग, चौदा सरडे आणि ते भेकर भाताच्या तालीत राहायला येणार नाहीत. राई गेली की ते जातील कुठे, हे मला सांगता येत नाही. पलीकडचा डोंगर गेल्याच वर्षी खणला आहे.

तो काही बोलला नाही. वही उलटी करून पहिल्या पानापासून वाचली. "गवा सड्यावर आलता?" एवढंच विचारलं. मग खोळ डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर राईच्या कडेपर्यंत आला. पाऊस जरा उघडला होता. नवरंग चोचीत काडी घेऊन करवंदीत शिरला, बाहेर आला, पुन्हा काडी घेऊन शिरला. दादा तसाच उभा. तेवढ्यात जेसीबीवाल्याचा फोन वाजला.

"आत्ता नगं," दादा म्हणाला. "पाऊस हाय. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर काय, ते त्यालाही अजून ठाऊक नसेल. मी विचारलं नाही. मात्र परत येताना त्यानं जळणाची वाट सोडली आणि लांबच्या बांधावरून, करवंदीला वळसा घालून आला.

रात्री भाचा बॅटरी घेऊन ओढ्यावर गेला होता. भिजून आला आणि दारातूनच ओरडला, "आत्या, खेकडे निघाले!" पुन्हा वही उघडली. क्रमांक ११३, खेकडा, ओढ्याचा काठ, रात्री ८:५०, सात नग, एक पिल्लं पोटाशी घेतलेली मादी. ती पाण्यात परत सोडली.