पोट भरलेलं, मज्जा रिकामी

मांडीचं हाड करवतीने कापलं आणि मी थबकले. धडधाकट चितळाच्या हाडातली मज्जा थिजलेल्या तुपासारखी पांढरी, घट्ट असते. ही लालसर, बोट लावलं की थरथरणारी. अंगावरची चरबी कधीच संपलेली आणि आता हा शेवटचा साठाही.

मे महिना, बोरिवलीच्या जंगलाची कड. पंचनामा उरकला होता. दातांवरून नर भर वयातला, पण शिंगं हातभरही नव्हती. शिंग म्हणजे हाडच. दरवर्षी गळतं आणि मखमली कातडीखाली नव्याने वाढतं. त्याला लागणारं कॅल्शियम नर स्वतःच्या बरगड्यांतूनसुद्धा काढतो. ते भरून काढायला चारा अंगी लागावा लागतो.

अशी मज्जा याआधी मी काश्मीरला, दाचीगामच्या जंगलात हिवाळ्यात पाहिली होती, एका हंगुलची, म्हणजे काश्मिरी हरणाची. शरदात माद्यांसाठी झुंजून नर आधीच वाळलेला, त्यात चारा बर्फाखाली गाडलेला आणि त्या बर्फातून पाय उचलायलाच ताकद खर्च होते. मार्च-एप्रिलमध्ये शिंगं गळून नवी फुटू लागतात, तेव्हा मिळालेला घास आधी खंगलेलं अंग भरण्यात जातो. उरलं तर शिंगाला. अशा हिवाळ्यात पोटात वाढलेलं पाडस पुढे जन्मभर खुजं राहू शकतं.

मुंबईत कुठला बर्फ? मी कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा दोन मुठींएवढा गोळा, त्यात सुकं गवत दोरीसारखं पिळून अडकलेलं. एका दुधाच्या पिशवीवरचा निळा छाप अजून स्पष्ट दिसत होता. माझ्या पोटात कालवलं.

शेजारी उभे असलेले वनमजूर काका हळूच म्हणाले, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार, मॅडम?"

थंड देशांत लोक कळवळून उपाशी हरणांना मका घालतात. हिवाळाभर काटक्या-साली पचवणाऱ्या कोटीपोटातल्या जिवाणूंना तो एकदम झेपत नाही, आम्ल वाढतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं. आपल्याकडेही पिशवीतून बिस्किटं भरवणारे हात प्रेमाचेच असतात, आणि रिकामी पिशवी मागे राहते. हे मला फार लागतं.

अहवालात मी 'उपासमार' लिहिलं. तरुण वनरक्षक गोंधळला. "पण मॅडम, पोट तर गच्च भरलेलं होतं ना?"

मी हाडाचे दोन्ही तुकडे उचलून त्याच्यासमोर धरले.