अक्काच्या कातडीचा आकडा

अक्काच्या फाईलमध्ये प्रत्येक तपासणीच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात एक आकडा असतो. आधी २५ होता, मग २९ झाला, आता २२ आहे. तो रक्त तपासून येत नाही आणि यंत्रातूनही येत नाही. डॉक्टर तिची कातडी चिमटीत धरून बघतात आणि लिहितात.

अक्काला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे, म्हणजे स्क्लेरोडर्मा. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतं आणि कातडी जाड, घट्ट होत जाते. फुप्फुसं, अन्ननलिका, किडनी यांनाही झळ पोचते. सुरुवातीला तिचे हात नुसते सुजल्यासारखे दिसायचे. इथे सोलापुरात एका ठिकाणी मलम लावायला सांगितलं, त्यात बरेच महिने गेले. त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत रबर रोलच्या कारखान्यात आहे. माल बाहेर जाण्याआधी त्याचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा, गेजने मोजणं हे माझं काम. गेज न लावता 'कडक वाटतंय' म्हटलेलं आमच्याकडे चालत नाही. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नुसत्या बोटांनी चाचपून '२५' लिहिलं, तेव्हा मला ते पटेना. औषध वाढवायचं की तेवढंच ठेवायचं हे ठरवताना हा आकडा धरणार, आणि तो मोजायचा बोटांनी?

मी विचारलं, आणि त्यांनी न वैतागता समजावून सांगितलं. शरीराचे १७ भाग ठरलेले आहेत. चेहरा, छाती आणि पोट हे तीन. बाकीचे दोन्ही बाजूंचे: बोटं, हाताची मागची बाजू, कोपराखालचा हात, दंड, मांडी, पोटरीकडचा पाय आणि पावलाची वरची बाजू. प्रत्येक भागाला ० ते ३ गुण. चिमटीत कातडी नेहमीसारखी उचलली गेली तर ०. जाड लागते पण घडी पडते, तर १. घडी पडत नाही, पण कातडी खालच्या थरावरून सरकते, तर २. सरकतही नाही, हाडाला चिकटल्यासारखी घट्ट, तर ३. बेरीज जास्तीत जास्त ५१.

"ताई, हात एकदम सैल सोडा," असं म्हणून त्यांनी अक्काचं एकेक बोट हातात घेतलं. दोन्ही अंगठ्यांनी कातडी मधोमध गोळा करायला गेले, तर काहीच गोळा होईना. तीन. हाताची मागची बाजू, तीन. कोपराखाली कातडी सरकली पण घडी पडली नाही, दोन. दंडावर जाडसर घडी आली, एक. मांडीला शून्य म्हणाले तेव्हा अक्काने माझ्याकडे बघितलं. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं होतं. दंड आणि छातीला गुण मिळाले म्हणून आजार 'डिफ्यूज' प्रकारात धरला. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली आणि चेहऱ्यावरच राहिला असता तर 'लिमिटेड' म्हटलं असतं. पुढे कशावर जास्त लक्ष ठेवायचं ते बरंचसं या फरकावरून ठरतं.

या पद्धतीला रॉडनन स्कोअर म्हणतात. अमेरिकेत पिट्सबर्गला जेराल्ड रॉडनन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९७९ साली रुग्णांच्या हातावरून कातडीचे छोटे गोल तुकडे काढले, त्यांचं वजन केलं आणि बोटांनी चाचपून दिलेल्या गुणांशी ते ताडून पाहिलं. दोन्हींचा मेळ बसला. बोटांना जिथे जाड लागलं, तिथला तुकडा खरंच जड भरला. तेव्हा २६ भाग होते आणि गुण ० ते ४, पुढे ते सुटसुटीत करून १७ आणि ३ झाले. हे वाचलं आणि माझी शंका गेली. आम्ही गेज स्टँडर्ड ब्लॉकवर, म्हणजे हार्डनेस आधीच माहीत असलेल्या तुकड्यावर, तपासून घेतो, या माणसाने बोटं तपासून घेतली.

आणि आमचं गेजसुद्धा या आजारात वापरून झालेलं आहे! ड्युरोमीटर. रबराला आम्ही त्याचा शोअर ए प्रकार लावतो, त्याचा काटा शंभरावर न्यायला साधारण ८२२ ग्रॅमचा जोर लागतो. कातडीला तो चालत नाही. तिथे स्पंज आणि जेलसाठीचा डबल-ओ प्रकार घेतात, त्याला ११३ ग्रॅम पुरतात. गेज सरळ उभं धरून फक्त त्याच्या वजनाने टेकवायचं, दाबायचं नाही. पण बोटांवर कातडीखाली लगेच हाड लागतं, मग काटा कातडीचा हार्डनेस दाखवतोय की हाडाचा, हे कळत नाही. पातळ रबर लोखंडावर ठेवून मोजलं की आमच्याकडेही हेच होतं. त्यामुळे कारखान्यातलं गेज मी घरी आणलेलं नाही आणि कोणी आणूही नये. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये आजही चिमटीचा स्कोअरच धरतात.

मात्र बोटं माणसागणिक बदलतात. शिकून तयार झालेल्या दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला तपासलं तरी चार-पाच गुणांचा फरक पडू शकतो. त्याच डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तर फरक जवळपास निम्म्यावर येतो. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि आम्हाला ते कोणी आपणहून सांगितलं नाही. मधे एकदा पुण्याला जाणं जमलं नाही म्हणून अक्काला दुसरीकडे दाखवलं. तिथे स्कोअर वेगळा आला आणि घरात सगळे घाबरले. पुण्याला परत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोन हातांचे आकडे शेजारी ठेवू नका. माझा माझ्याशी लावा, त्यांचा त्यांच्याशी." म्हणून हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघावं लागलं तरी आम्ही त्यांच्याकडेच जातो. नुसती बेरीज नाही, १७ भागांचे वेगवेगळे गुण कागदावर मागून घेतो. बेरीज तीच राहून बोटं सैल आणि छाती घट्ट झाली असेल, तर ते बेरजेत दिसणार नाही.

घरी आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, तोंड किती उघडतं ते. तोंड पूर्ण उघडायला सांगून पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजायचं. अक्काला कडक भाकरी जीव की प्राण, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसायची. आता घास मोडून, आमटीत भिजवून खाते.

दुसरी गोष्ट बांगड्यांची. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ती नेमाने चुडा भरते. कासार अंगठ्याच्या मुळाशी दाबून हात निमुळता करतो आणि बांगडी वर चढवतो. त्या वर्षी हात दबेचना. थंडीने बोटं आधी पांढरी, मग निळी पडली. कासार म्हणाला, "आक्का, जोर लावला तर लागेल तुम्हाला, दोन नंबर मोठी घ्या." तिने मोठ्या घेतल्या. यंदा त्याच मापाच्या ढिल्या झाल्या. २९ चे २२ झाले ते आम्हाला असं दिसलं.

पण २२ वर मी निर्धास्त नाही. डिफ्यूज प्रकारात कातडी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत घट्ट होत जाते आणि पुढे कित्येकांची आपोआप सैल पडते. जुन्या आजारात ती पातळही होते, त्यानेही आकडा उतरतो. म्हणजे उतार औषधाचा की काळाचा, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही. आणि कातडी सैल होत असताना फुप्फुस आतून कडक होत राहू शकतं. म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, आणि फुंकर मारायची पीएफटी, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, आम्ही चुकवत नाही.

आजार नवा, डिफ्यूज आणि कातडी झपाट्याने घट्ट होणारी असेल, तर घरी बीपीचं मशीन ठेवाच. अशा रुग्णात बीपी एकाएकी चढलं तर किडनी जाऊ शकते, आणि वेळेत बीपीच्या एसीई इन्हिबिटर गटातल्या गोळ्या सुरू झाल्या तर ती वाचू शकते. असं बीपी वाढलेलं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. अंग दुखतंय म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, मोठ्या डोसने हाच धोका वाढतो. अक्काच्या फाईलवर मी हे मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, म्हणजे रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागलं आणि मी बरोबर नसलो, तरी समोरच्या डॉक्टरांच्या ते आधी नजरेला पडेल.