आत्याबरोबर आग्रा: सहा दिवस, एक गाडी, तीन गाईड

आत्याने १९९१ साली ताजमहाल पाहिला होता. बावीस दिवसांच्या उत्तर भारत यात्रेत, बसने. त्यातलं काय आठवतं म्हणून विचारलं की ती तीनच गोष्टी सांगायची: ऊन, हातात धरलेल्या चपला आणि बस सुटायची शिट्टी. ताजला चाळीस मिनिटं दिली होती म्हणे. गेल्या वर्षी तिला एकाहत्तरावं लागलं, डाव्या गुडघ्याने त्रास द्यायला सुरुवात केली, आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "मला ताज परत दाखवशील? पण ह्या खेपेला बसून बघायचाय मला."

त्या "बसून" शब्दाने माझं सगळं नियोजन ठरवलं.

पहिल्यांदा दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. खासगी गाडी, खासगी गाईड, फक्त तुम्ही दोघी, असं सगळेच म्हणाले. पण हातात आलेला कार्यक्रम पाहिला तर तो बसच्याच यात्रेचा होता, फक्त गाडी लहान. पाच दिवसांत अठरा ठिकाणं. दिल्लीत एका दिवसात सहा. मी कागद घेऊन आत्यासमोर बसले आणि तिला म्हटलं, खोडत जा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि आम्ही सोमवारीच दिल्लीत पोहोचणार होतो, तो आपोआप गेला. हवामहाल तिने रस्त्यावरून बघते म्हणून सांगितलं. शेवटी सहा दिवसांत आठ ठिकाणं राहिली. ताज शुक्रवारी बंद असतो, म्हणून बुधवार पक्का केला आणि बाकीचे दिवस त्याच्या पुढेमागे बसवले. असा दौरा आखणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे दोन वार तपासायला सांगते. आमच्याच सोसायटीतलं एक कुटुंब शुक्रवारी आग्र्यात पोहोचून नदीपलीकडच्या मेहताब बागेतून ताज बघून परत आलं आहे.

गाडी दिल्लीपासून जयपूरपर्यंत एकच ठेवली. भाडं ठरवताना मी सगळं मेसेजवर लिहून घेतलं: टोल, पार्किंग, उत्तर प्रदेश आणि राजस्थानचा प्रवेश कर, ड्रायव्हरचा मुक्काम भत्ता, हे सगळं धरून किती. नुसता किलोमीटरचा दर ऐकून हो म्हटलं तर ह्या चार गोष्टी शेवटच्या दिवशी एकदम समोर येतात. शिवाय एक अट घातली: वाटेत कुठल्याही दुकानात, कारखान्यात, 'फक्त बघायला' म्हणूनसुद्धा गाडी थांबणार नाही. त्या अटीवर एकाने भाडं वाढवून सांगितलं. मी ते दिलं. आत्याचा प्रत्येक तास माझ्यासाठी त्यापेक्षा मोलाचा होता.

गाईड मात्र शहरागणिक वेगळे घेतले. पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेले, हिंदीत बोलणारे, अर्ध्या दिवसाच्या दराने. ओळखपत्राचा फोटो आधी मागवला. आग्र्यात तरीही ऐन वेळी दुसराच माणूस हॉटेलवर आला, गळ्यात काही नाही, आणि पहिल्याच वाक्यात त्याने संगमरवराच्या कारागिरांची वस्ती दाखवतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. ज्यांनी पाठवला होता त्यांना फोन केला, थोडा वाद झाला, पण रात्रीपर्यंत ठरलेल्या गृहस्थांचा स्वतःचा फोन आला. परक्या शहरात रात्री नऊ वाजता अशी हुज्जत घालायला बळ लागतं. पण ती घातली नसती तर आमची बुधवारची सकाळ हातची गेली असती.

आम्ही पुण्याहून पहाटे गोवा एक्सप्रेस धरली. विमानाने दोन तासांत गेलो असतो, पण आत्याला खिडकी हवी होती. भुसावळ सोडल्यावर तापीचा पूल आला आणि दुपारी बऱ्हाणपूर मागे पडलं. मी तिला सांगितलं की मुमताज महल इथेच वारली, १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता. तिला आधी तापीच्या पलीकडच्या बागेत पुरलं आणि मग तिचा देह आग्र्याला नेला. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "म्हणजे ताजची सुरुवात आपल्या खानदेशात झाली की," ती म्हणाली.

दिल्लीत हुमायूनची कबर आधी बघायची, हा सल्ला तिथल्या गाईडचाच. ती हुमायूनच्या बेगमेने, बेगा बेगमने उभारली, ताजच्या सुमारे साठ वर्षं आधी. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेली, हे आत्याला फार आवडलं. चार भागांत विभागलेली बाग, मधोमध उंच चौथरा, एकात एक असा दुहेरी घुमट: ताजमध्ये जे जे दिसतं त्याची तयारी इथे आहे. चौथऱ्याच्या पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत. आत्या वर गेली नाही. गाईडने तिला बागेतल्या पाण्याच्या पाटाजवळ बसवलं आणि म्हणाले, "माताजी, तांबडा दगड डोळ्यांतून काढून टाका आणि सगळं पांढरं करून बघा." ती पाऊण तास तशी बघत होती. दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार. तिथे मला मिनारापेक्षा लोहस्तंभापाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं. गुप्तकाळातला, सात मीटरच्या वर उंच, जवळपास सहा टनांचा. लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे त्याच्यावर पातळ थर धरला आणि त्यानेच आतलं लोखंड राखलं. दुपारी यमुना एक्सप्रेस वेने आग्रा.

बुधवारी सहा वाजता आम्ही पूर्व दरवाजाच्या बाजूला होतो. ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. गाड्या पार्किंगलाच थांबतात, पुढे बॅटरीवर चालणारी गाडी असते. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या साइटवर आधीच काढलं होतं: भारतीयांना ५० रुपये, आणि आत मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं असेल तर आणखी २००. हे दुसरं तिकीट आधीच घ्या. तिकीट तीन तासांचं असतं, त्यातला एकही मिनिट मागे फिरण्यात घालवू नये. बायकांची रांग वेगळी, तपासणी कडक. आत्याच्या पिशवीतला लाडवांचा डबा मी आधीच गाडीत ठेवायला लावला होता, खायचं काहीही आत नेता येत नाही.

गाईड साठीच्या आसपासचे, आवाज हळू. मोठ्या दरवाजातून आत शिरल्यावर सगळे जिथे थांबून फोटो काढतात तिथे त्यांनी आम्हाला थांबूच दिलं नाही. पाटाच्या कडेने थोडं पुढे नेऊन एका बाकावर बसवलं. धुकं होतं. ताजचा फक्त खालचा भाग दिसत होता, घुमट नाहीच. ते म्हणाले, "आता मी बोलणार नाही. धुकं उतरेपर्यंत बघा, मग विचारा."

वीस मिनिटं आम्ही तिघं गप्प होतो. आधी मिनारांच्या टोकांवर उजेड आला, मग घुमटाचा उजवा खांदा दिसला. आत्याने माझा हात धरला होता. तिने चपला काढून बाकाखाली नीट जोडीने ठेवल्या होत्या.

मग ते बोलले, आणि फार नेमकं बोलले. चारही मिनार किंचित बाहेर झुकवलेले आहेत, पडलेच तर कबरीवर पडू नयेत म्हणून. कमानीभोवतीची अक्षरं वर वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून सारखी दिसतात. जवळ गेल्यावर त्यांनी खिशातून लहान विजेरी काढून भिंतीतल्या एका फुलावर धरली आणि अकीकाची पाकळी निखाऱ्यासारखी पेटली. मकराण्याचा संगमरवरही आतून उजळला. आत जाण्याआधी त्यांनी बाहेरच सांगून ठेवलं: सगळीकडे डावं-उजवं तंतोतंत जुळतं, फक्त एक गोष्ट जुळत नाही, ती शोधा. आत्यानेच शोधली. मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे, शाहजहानची बाजूला, मागाहून बसवलेली. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "त्याच्यासाठी जागा धरलेलीच नव्हती."

तीन तास पुरे वापरले.

दुपारी हॉटेलवर झोप. ही झोप मी कार्यक्रमात लिहूनच टाकली होती, आणि वय झालेल्या माणसाला घेऊन जाणार असाल तर तीही गाईडइतकीच पक्की ठरवा. तीननंतर आग्र्याचा किल्ला. किल्ल्यासमोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आत्याने गाडी थांबवली, उतरली, नमस्कार केला आणि मग आम्ही अमरसिंग दरवाजाने आत गेलो.

इथे मी गाईडना एकच विनंती केली होती: आम्हाला १६६६ दाखवा. त्यांनी जहांगिरी महाल, अंगुरी बाग सगळं मोजक्या वाक्यांत उरकलं आणि दिवाण-ए-खासकडे नेलं. १२ मे १६६६, औरंगजेब बादशहाचा चांद्र वर्षांच्या हिशोबाने पन्नासावा वाढदिवस. महाराज पोहोचले तेव्हा दिवाण-ए-आमचा दरबार संपला होता, म्हणून भेट इथे झाली. पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं, आणि महाराजांनी भर दरबारात तो अपमान नाकारला. शाळेत हे आपण सगळेच शिकलो. पण शाळेत कधी न उमगलेलं एक मला तिथे उभं राहिल्यावर दिसलं. दिवाण-ए-खासच्या शेजारीच, काही पावलांवर, मुसम्मन बुरूज आहे. त्याच बुरुजात औरंगजेबाने स्वतःच्या बापाला आठ वर्षं कैदेत ठेवलं होतं, आणि शाहजहान तिथेच त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारला. बापाच्या मृत्यूला जेमतेम चार महिने झाले होते, आणि शेजारच्या दालनात वाढदिवसाचा दरबार भरला होता. त्या दरबारात महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन उभे होते. अंतर इतकं कमी आहे हे पुस्तकातून मला कधीच कळलं नव्हतं. बुरुजाच्या बाजूने यमुनेच्या वळणावर ताज दिसत होता. आत्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा दिवाण-ए-खासकडे, आणि बसायला जागा मागितली.

गुरुवारी फत्तेपूर सिक्री. आदल्या दिवशीचेच गाईड बरोबर घेतले होते, हे फार बरं झालं, कारण पार्किंगलाच माणसं गाडीला गराडा घालतात. बुलंद दरवाजाची चढण टाळून त्यांनी आम्हाला महालांच्या बाजूने, बादशाही दरवाजाने सलीम चिश्तींच्या दर्ग्याच्या चौकात नेलं. अकबराने १५७१ च्या सुमारास वसवायला घेतलेलं शहर पंधरा वर्षांच्या आत सोडून दिलं, आणि ते अजून नुकतंच रिकामं केल्यासारखं दिसतं. जयपूरच्या वाटेवर आभानेरीची चांद बावडी, पायऱ्यांची जुनी विहीर. गाईड नाही, फक्त सावली आणि साडेतीन हजार पायऱ्या. वरूनच बघायची असते, आत्याला काही चुकलं असं वाटलं नाही.

जयपूरला आम्हाला गाईड बाई मिळाल्या. आमेरच्या किल्ल्यावर जीपने नेलं. शीशमहालात त्या भिंगांबद्दल सांगत होत्या, आणि आत्याने मधेच विचारलं, "हे बांधणारे जयसिंग म्हणजे पुरंदरचे?" बाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांचा चेहराच बदलला. हो, तेच मिर्झाराजे. १६६५ मध्ये पुरंदरला तह करून तेवीस किल्ले घेणारे, आणि आग्र्यात महाराजांच्या जिवाची हमी देणारे. ती हमी आग्र्यात त्यांच्या मुलाने, रामसिंगाने निभावली, आणि महाराज निसटल्यावर त्याची झळही त्यानेच सोसली. आग्रा भेटीची त्या वेळची राजस्थानी पत्रं ह्याच घराण्याच्या दफ्तरातली, असं बाईंनी सांगितलं. मराठी पाहुणे इथे येऊन रागाने बोलतात, तुम्ही विचारलंत, असंही म्हणाल्या. ठरलेला अर्धा दिवस होऊन गेला तरी त्या आमच्याबरोबर होत्या. वरचे पैसे घेईनात, मी आग्रहाने दिले.

शनिवारी जंतरमंतर, दगडी यंत्रांची वेधशाळा. हे गाईडशिवाय बघणं व्यर्थ आहे, नुसत्या दगडी पायऱ्या दिसतात. बाईंनी आत्याला लघु सम्राट यंत्रापाशी, म्हणजे दगडी सूर्यघड्याळापाशी उभं केलं आणि सावलीची कड कुठल्या रेषेवर आहे ते वाचायला सांगितलं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल मोजण्यात तिची हयात गेली. तिने चष्मा वर केला, वाकली, आणि म्हणाली, "दहा चाळीसला एक कमी." माझ्या घड्याळात अकरा वीस झाले होते. बाईंनी हिशोब मांडला: जयपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला, म्हणून सत्तावीस मिनिटं, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे. बेरीज एकेचाळीस. आत्याचं वाचन मिनिटाला मिनिट बरोबर होतं. १७२७ मध्ये हे शहर वसवणाऱ्या दुसऱ्या जयसिंगाच्या यंत्राने आणि आत्याने मिळून माझं घड्याळ तपासलं होतं. तिने पुन्हा पाच मिनिटांनी वाचलं, मग पुन्हा एकदा.

रात्री परतीच्या गाडीत अंथरूण घातल्यावर तिने विचारलं, "मिर्झाराजे गेले कुठे गं?" मी म्हटलं, दख्खनेतून परत जाताना, १६६७ मध्ये, बऱ्हाणपूरला. तिथे त्यांची छत्री आहे.

"मुमताजपण तिथेच," ती म्हणाली. थोड्या वेळाने वरच्या बर्थवरच्या मला खालून हाक आली.

"पुण्याहून बऱ्हाणपूर एका रात्रीचंच आहे ना? तिथे ओळखपत्रवाला गाईड मिळतो का, विचारून ठेव."